गाभ्यातलं लोखंड घट्ट का राहतं, आणि धातू ‘वितळला’ असं म्हणायचं कधी?

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीनं विचारलंय: “लोखंड १५३८ अंश सेल्सिअसला वितळतं. पृथ्वीच्या केंद्राजवळ पाच-सहा हजार अंश तापमान आहे म्हणतात. मग अंतर्गाभा घनरूप कसा? दाबामुळे, एवढंच उत्तर मिळतं. दाबानं नेमकं काय होतं? सगळ्याच धातूंचा द्रवणांक दाबानं वाढतो का? आणि गाभ्यातल्या लोखंडाच्या द्रवणांकाचे आकडे एका ठिकाणी ४,८५० केल्विन, दुसरीकडे ६,२००, तिसरीकडे ७,६०० असे का दिसतात? शिवाय हे काम भारतात करता येतं का?”

गेली बावीस वर्षं मी हेच काम करते. हिऱ्याच्या दोन टोकांमध्ये धातूचा कण दाबायचा, लेसरनं तापवायचा आणि तो वितळतो कधी ते बघायचं. म्हणून सविस्तर लिहिते. आकड्यांबद्दलचा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो. त्याचं उत्तर कळलं की बाकीचा विषय आपोआप नीट दिसायला लागतो, पण तिथपर्यंत पायरीपायरीनं जाऊ.

दाब म्हटलं की आपल्याला आधी कुकर आठवतो, आणि घोटाळा तिथेच सुरू होतो. कुकरमध्ये दाब वातावरणाच्या दुप्पट झाला की पाणी १०० ऐवजी १२० अंशांना उकळतं. एवढ्याशा दाबानं वीस अंशांचा फरक पडतो, कारण पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे पट जागा मागते. दाब त्या जागेला विरोध करतो. धातू वितळतो तेव्हा वाढणारी जागा अगदी थोडी असते. ॲल्युमिनियम सहा टक्क्यांच्या आसपास फुगतं, लोखंड साडेतीन टक्के. त्यामुळे कुकरच्या दाबानं लोखंडाचा द्रवणांक अंशाच्या हजाराव्या हिश्शांत हलतो. मारियाना गर्तेच्या तळाशी, अकरा किलोमीटर पाण्याखाली, तो जेमतेम चार अंशांनी वाढेल. म्हणजे परिणाम खरा आहे, पण तो दिसायला दाब भयंकर लागतो.

ही साडेतीन किंवा सहा टक्के जागा कोल्हापुरात शिरोलीच्या फाउंड्रीतल्या माणसाला आपल्यापेक्षा जास्त ओळखीची असते. साच्यात रस ओतला की तो गोठताना आकसतो. ती तूट भरून काढायला रायझर, म्हणजे जास्तीच्या रसाचा साठा, ठेवावा लागतो, नाहीतर कास्टिंगच्या पोटात पोकळी राहते. (राखाडी बिडाची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्यातला कार्बन ग्रॅफाइट होऊन वेगळा पडताना जागा घेतो आणि आकसणं बरंचसं भरून निघतं. शुद्ध लोखंड, पोलाद आणि ॲल्युमिनियम मात्र सरळ आकसतात.) घट्ट धातू रसापेक्षा कमी जागेत मावतो, या एका गोष्टीवर आपलं अर्धं उत्तर उभं आहे. वरून दाब आला की ज्या रूपाला कमी जागा पुरते त्याचं पारडं जड होतं. लोखंडाला वितळायचं असेल तर फुगावं लागतं, आणि फुगायला दाब आड येतो. मग ती अडचण ओलांडायला तापमान जास्त लागतं.

क्लापेरोन या फ्रेंच अभियंत्यानं १८३४ साली वाफेच्या इंजिनांचा विचार करताना मांडलेला आणि पुढे क्लॉसिअसनं पक्का केलेला नियम हेच हिशोबात सांगतो. दाब एका मापानं वाढवला तर द्रवणांक किती चढेल? द्रवणांकाचं केल्विनमधलं तापमान (सेल्सिअस अधिक २७३) घ्या, वितळताना वाढणाऱ्या आकारमानानं गुणा आणि वितळायला लागणाऱ्या उष्णतेनं भागा. लोखंडासाठी करून बघा. एक मोल लोखंड १,८११ केल्विनला वितळताना सुमारे १३.८ किलोज्यूल उष्णता घेतं आणि ०.२७ घनसेंटिमीटरच्या आसपास फुगतं. उत्तर येतं दर गिगापास्कलला ३५ अंश. एक गिगापास्कल म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या जवळपास दहा हजार पट. वजनाच्या भाषेत, एका चौरस मिलिमीटरवर शंभर किलो.

बाह्यगाभा आणि अंतर्गाभा यांच्या सीमेवर, ५,१५० किलोमीटर खोलीवर, दाब ३३० गिगापास्कल आहे. टाचणीच्या टोपीएवढ्या, एका चौरस मिलिमीटरवर ३३ टन. भरलेला दहा चाकी ट्रक उभा केला तरी कमी पडेल. आता दर गिगापास्कलला ३५ अंश या दरानं सरळ रेषा ओढत गेलात तर तिथला द्रवणांक तेरा हजारांवर निघतो. प्रत्यक्षात तो त्याच्या निम्म्याच्या आसपास आहे. कारण रेषा सरळ राहत नाही, ती वाकते. द्रवातले अणू घन रूपातल्यापेक्षा सैल बसलेले असतात, त्यामुळे दाबाखाली द्रव जास्त दबतो आणि दोघांमधला जागेचा फरक कमी होत जातो. ३३० गिगापास्कलला हा फरक दोन टक्क्यांच्याही आत येतो, आणि तो ज्याच्यातून मोजायचा ते मूळ आकारमानच साठ टक्क्यांवर आलेलं असतं. चढ राहतो दर गिगापास्कलला नऊएक अंशांचा. सुरुवातीला घाट, पुढे पठार.

आता पृथ्वीचा प्रश्न सुटतो, पण त्यात एक बारकावा आहे जो वर्गात बहुतेक वेळा निसटतो. “आत दाब जास्त म्हणून घट्ट” हे अपुरं आहे, कारण आत तापमानही जास्त असतं. खोल जाताना दोन रेषा वर चढतात. एक त्या ठिकाणच्या खऱ्या तापमानाची, दुसरी त्या ठिकाणच्या द्रवणांकाची. बाह्यगाभा सतत ढवळला जातो, आणि ढवळल्या जाणाऱ्या द्रवाचं तापमान खोलीबरोबर ज्या दरानं वाढतं, त्यापेक्षा लोखंडाचा द्रवणांक थोडा जास्त दरानं वाढतो. त्यामुळे वर, २,९०० किलोमीटरवर, १३६ गिगापास्कलला, तापमानाची रेषा द्रवणांकाच्या वर आहे आणि धातू पातळ आहे. खाली कुठेतरी द्रवणांक तापमानाला गाठतो आणि पुढे निघून जातो. जिथे दोन्ही रेषा एकमेकींना छेदतात तीच अंतर्गाभ्याची सीमा. तळं वरून गोठतं, पृथ्वीचा गाभा मात्र मधून गोठायला सुरुवात होते. द्रवणांकाची रेषा थोडी कमी चढी असती तर गाभा वरून, आवरणाच्या बाजूनं गोठू लागला असता. मग गोठताना बाहेर टाकली जाणारी हलकी मूलद्रव्यं खालून वर उसळली नसती. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला आज ऊर्जा पुरवणारा एक मोठा झरा त्या उसळण्यातच आहे. दोन चढांमधल्या एवढ्याशा फरकावर हे सगळं अवलंबून आहे, आणि तो फरक मोजायचा तर द्रवणांक नेमका माहीत पाहिजे. म्हणून माझ्यासारखी माणसं शंभर-दोनशे अंशांसाठी वर्षानुवर्षं भांडतात.

गाभा कुठे पातळ आणि कुठे घट्ट, हे कुणी खोदून पाहिलेलं नाही. ते भूकंपांनी सांगितलं. १२ जून १८९७ ला आसामात प्रचंड भूकंप झाला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात काम करणाऱ्या रिचर्ड ओल्डहॅम यांनी त्याच्या नोंदींचा अभ्यास करताना वेगवेगळ्या वेगानं येणाऱ्या लहरी स्पष्टपणे वेगळ्या ओळखल्या, आणि १९०६ मध्ये अशाच नोंदींवरून पृथ्वीला गाभा आहे असं दाखवलं. प्राथमिक लहरी दाबाच्या असतात, त्या द्रवातूनही जातात. दुय्यम लहरी आडव्या हलवणाऱ्या असतात, आणि द्रव आडवा जोर पेलत नाही. तो नुसता सरकतो. या लहरी गाभ्यापलीकडे पोचत नाहीत. १९२६ मध्ये हॅरॉल्ड जेफ्रीझ यांनी गाभा पातळ असल्याचं ठामपणे मांडलं, आणि १९३६ मध्ये डेन्मार्कच्या इंगे लेमान यांनी त्या पातळ गाभ्याच्या आत आणखी एक वेगळा गोळा असल्याचं दाखवलं. जिथे काहीच पोचायला नको होतं तिथे क्षीण लहरी पोचत होत्या. बाकीच्यांनी त्याची काही ना काही कारणं देऊन विषय मिटवला होता, त्यांनी तसं केलं नाही. हा शोध मला भूविज्ञानातल्या सगळ्यात देखण्या शोधांपैकी एक वाटतो.

आडवा जोर पेलणारं ते घन आणि न पेलणारं ते द्रव, ही व्याख्या लक्षात ठेवा. पुढे आपली सगळी भांडणं तिथेच येऊन थांबणार आहेत.

त्याआधी दुसरा प्रश्न. प्रत्येक धातूचा द्रवणांक दाबानं वाढतो का? नाही. नियम म्हणतो, ज्या रूपाला कमी जागा लागते ते जिंकतं. घन रूप नेहमीच कमी जागेत बसतं असं नियम म्हणत नाही. बर्फ पाण्यावर तरंगतो, तसंच बिस्मथ आपल्याच रसावर तरंगतं. त्याचा द्रवणांक २७१ अंशांवरून १.७ गिगापास्कलपर्यंत ऐंशीएक अंशांनी खाली येतो. गॅलियमही तसंच. ते २९.८ अंशांना वितळतं, म्हणजे पुण्यात एप्रिलमध्ये टेबलावर ठेवलं तर दुपारी त्याचं थारोळं होतं, आणि दाबल्यावर तर ते आणखी लवकर वितळतं. या धातूंच्या स्फटिकांत अणूंची बसण्याची रीत ऐसपैस असते. वितळले की ते दाटीवाटीनं बसतात. गाडीत सीट नंबर लावून बसलेले प्रवासी आणि सीट सोडून दाराशी उभे राहिलेले प्रवासी आठवा.

पण बिस्मथ आणि गॅलियम पहिल्यापासूनच तसे आहेत. थक्क करतो तो सोडियम. साध्या दाबाला ९८ अंश सेल्सिअसला वितळणारा हा मऊ धातू सुरुवातीला शहाण्या मुलासारखा वागतो. दाबाबरोबर द्रवणांक चढतो आणि ३० गिगापास्कलच्या थोडं पुढे १,००० केल्विनच्या आसपास पोचतो. तिथून तो उतरायला लागतो, आणि ११८ गिगापास्कलला जवळपास ३०० केल्विनवर येतो. म्हणजे जवळपास बारा लाख वातावरणांच्या दाबाखाली सोडियम खोलीच्या तापमानाला पातळ होण्याच्या बेतात असतो. २००५ मध्ये हा निकाल प्रसिद्ध झाला तेव्हा मी नुकतीच या क्षेत्रात आले होते. तो आलेख मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा अक्ष उलटे छापले गेले असावेत असंच वाटलं. लिथियम तर ४० गिगापास्कलच्या आसपास उणे ८० अंशांपर्यंत द्रव राहू शकतो.

कारण इलेक्ट्रॉनांत आहे. साध्या दाबाला सोडियमचे मोकळे इलेक्ट्रॉन सगळीकडे सारखे पसरलेले असतात, आणि अणूंचे गाभे चेंडूंसारखे रचून बसतात. अणू इतके जवळ आणले की आतल्या कवचांची एकमेकांवर चढाई सुरू होते, तेव्हा बाहेरच्या इलेक्ट्रॉनांना गाभ्याजवळ जागा उरत नाही. ते अणूंच्या मधल्या फटींमध्ये ढकलले जातात आणि त्यांचं वळण बदलतं. अणूंची रचनाही त्याबरोबर बदलावी लागते. घन स्फटिकाला रचना बदलायची तर सगळं घर हलवावं लागतं, द्रवाला तसं काही बंधन नाही. तो जागच्या जागी, थोडाथोडा, आधीच बदलतो आणि घनापेक्षा दाट होतो. त्याक्षणी क्लापेरोनच्या हिशोबात आकारमानातल्या फरकाचं चिन्ह फिरतं आणि रेषा खाली वळते. सिझियममध्ये हीच भानगड फार कमी दाबाला होते. १९६२ मध्ये केनेडी आणि न्यूटन या सहकाऱ्यांबरोबर ए. जयरामन यांनी सिझियमच्या द्रवणांकाच्या रेषेवर असे दोन उंचवटे दाखवले, २.२५ आणि ३ गिगापास्कलच्या आसपास. जयरामन सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली तयार झालेले. उच्च दाबाच्या शास्त्रात त्यांचं नाव आजही आदरानं घेतलं जातं.

जाता जाता लिंडेमानच्या नियमाबद्दल. अणूंचं थरथरणं त्यांच्यातल्या अंतराच्या दहाएक टक्के झालं की स्फटिक कोसळतो, असा १९१० सालचा हा नियम अजून शिकवला जातो. अंदाजाला तो बरा आहे. पण तो फक्त घनाकडे बघतो. द्रव किती दाटीनं बसू शकतो हे त्याला ठाऊकच नसतं, त्यामुळे सोडियमसारख्या धातूपुढे तो हात टेकतो.

आता प्रयोग. आमचं मुख्य साधन आहे हिऱ्याची ऐरण, डायमंड अन्व्हिल सेल. अमेरिकेतल्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये १९५८-५९ मध्ये ते तयार झालं. पाव कॅरटच्या आसपासचे दोन हिरे, टोकं घासून सपाट केलेली, समोरासमोर. मध्ये रेनियम या धातूची पातळ पट्टी, म्हणजे गॅस्केट, तिला आधी दाबून खळगा पाडायचा आणि त्या खळग्यात लेसरनं भोक. हे भोक हीच आमची भट्टी. शंभर मायक्रॉनच्या टोकासाठी ते चाळीस मायक्रॉनचं असतं, केसाच्या जाडीहून लहान. टोकाच्या क्षेत्रफळाचा हिशोब केला तर दीडशे गिगापास्कलसाठी सव्वाशे किलो जोर पुरतो. तांदळाचं सव्वा क्विंटलचं ओझं, पण ते टेकतं ज्याच्यावर तो बिंदू डोळ्याला दिसत नाही. स्क्रू मी हातानंच पिळते, पाव फेऱ्याहूनही कमी, आणि दर वेळी थांबून सूक्ष्मदर्शकातून भोक बघते. भोक गोल राहून लहान होत असेल तर ठीक. एका बाजूला सरकायला लागलं की त्या दिवशी पुढे जायचं नाही. हिरा फुटतो तेव्हा ‘टक्’ असा बारीक आवाज येतो, बोटाला जाणवतो, आणि दोन महिन्यांचं काम गेलेलं असतं.

त्या भोकात लोखंडाचा चार-पाच मायक्रॉन जाडीचा पत्रा ठेवायचा, खाली-वर पोटॅशियम क्लोराईड या मिठाच्या चकत्या. या चकत्या फार महत्त्वाच्या. हिरा तांब्याच्या पाचपट उष्णतावाहक आहे. पत्रा हिऱ्याला टेकला तर कितीही लेसर मारा, उष्णता निघून जाते. मीठ ओलं असेल तर दाबाखाली त्यातल्या पाण्यातला हायड्रोजन लोखंडात शिरतो, म्हणून भरण्याआधी सगळा सेल ओव्हनमध्ये तापवून घ्यायचा. मग दोन्ही बाजूंनी अवरक्त लेसर. वीसएक मायक्रॉनचा ठिपका आधी मंद लाल होतो, मग नारिंगी, पिवळा, आणि तीन हजारांच्या पुढे डोळ्यांना नुसता पांढरा. तापमान त्या उजेडाच्या वर्णपटावरून काढायचं. दाब कमी तापमानाला माणकाच्या कणावरून मिळतो. माणकाची ६९४.२ नॅनोमीटरची लाल रेषा दर गिगापास्कलला सुमारे ०.३६ नॅनोमीटर सरकते. तापवल्यावर मात्र माणिक उपयोगाचं राहत नाही, मग क्ष-किरणांनी मिठाच्या किंवा धातूच्या जाळीतली अंतरं मोजून दाब काढावा लागतो. आणि तापवताना दाब स्वतःच वाढतो, बंद डब्यासारखा. ती वाढ हिशोबात न धरणं ही जुन्या मोजमापांमधली एक चूक होती.

इतकं सगळं केल्यावर मूळ प्रश्न उरतो. चार मायक्रॉन जाडीचा, मिठाच्या दोन चकत्यांमध्ये कोंडलेला, तीन-चार हजार अंशांना तळपणारा कण वितळलाय की नाही, हे ओळखायचं कशावरून? तो ओघळत नाही. त्याला वाहायला जागाच नाही.

ऐंशी-नव्वदच्या दशकांत डोळ्यांनी किंवा कॅमेऱ्यानं बघत. पृष्ठभागावर हालचाल दिसू लागली, कण चुळबुळले, की वितळलं म्हणायचं. काही जण लेसरची शक्ती वाढवूनही तापमान न वाढण्याचा टप्पा पकडत. तुमच्या प्रश्नातले आकडे इथूनच आले. १९८७ मध्ये विल्यम्स, जीनलॉझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंतर्गाभ्याच्या सीमेवरच्या दाबाला शुद्ध लोखंडाचा द्रवणांक ७,६०० केल्विन काढला. १९९३ मध्ये जर्मनीतल्या माइन्झमध्ये राइनहार्ट ब्योलर यांनी २०० गिगापास्कलपर्यंत मोजून, रेषा पुढे वाढवून, ४,८५० च्या आसपासचा आकडा दिला. पावणेतीन हजार अंशांचं अंतर. दोन्ही प्रयोगशाळा नावाजलेल्या, दोन्हीकडची माणसं हुशार. एवढ्याशा ठिपक्याच्या वर्णपटात भिंगांमधला रंगदोष किती फसवतो, इथपासून वाद होता.

तिसरी वाट हादऱ्याची. वायूच्या तोफेतून सेकंदाला काही किलोमीटर वेगानं पट्टी मारायची आणि लोखंडातून जाणाऱ्या धक्क्याच्या मागे ध्वनीचा वेग मोजायचा. घनातला वेग त्याच्या आडव्या ताठरपणामुळे जास्त असतो. वितळलं की तो ताठरपणा जातो आणि वेग खाली येतो. ओल्डहॅमच्या काळापासून चालत आलेली तीच कसोटी, फक्त भूकंपाऐवजी तोफ. अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेच्या ब्राऊन आणि मॅक्वीन यांना १९८६ मध्ये हा उतार २४३ गिगापास्कलला दिसला. कसोटी निखळ, पण अडचण तापमानाची. धातूच्या आतलं तापमान त्या मायक्रोसेकंदात थेट मोजता आलं नाही, हिशोबानं काढावं लागलं: ५,५०० केल्विन, पाचशे इकडे किंवा तिकडे. संगणकावर क्वांटम यांत्रिकीच्या समीकरणांतून घन आणि द्रव शेजारी ठेवून काढलेले आल्फे आणि सहकाऱ्यांचे आकडे ३३० गिगापास्कलला ६,३०० च्या आसपास होते. ब्योलर यांचा आकडा खूप खाली राहत होता.

इथे माझ्या स्वतःच्या कामातली एक चूक सांगते. मी तेव्हा टँटलमवर काम करत होते. टँटलम साध्या दाबालाच ३,२९० केल्विनला वितळतं, त्यामुळे आव्हान मोठं. पन्नासएक गिगापास्कलला पृष्ठभागावर छान हालचाल दिसली, हिशोबानं काढलेल्या द्रवणांकाच्या कितीतरी खाली. आम्ही पुन्हा केलं, पुन्हा दिसली. तीन वेगळे नमुने, तोच निकाल. सिद्धांत चुकीचा आहे असं मी दोन परिसंवादांत सांगून आले. मग तोच नमुना क्ष-किरणांखाली ठेवला, आणि टँटलमच्या रेषांशेजारी टँटलम कार्बाइडच्या रेषा होत्या. कार्बन आला होता हिऱ्यातून, मिठाच्या चकत्या ओलांडून. आम्ही जी हालचाल पाहिली होती ती रासायनिक अभिक्रियेची होती. धातू वितळलाच नव्हता. एक निकाल तीन वेळा आला म्हणजे तो बरोबर असतो असं नाही, चूकही तितक्याच नेमानं परत येते. पुढे २०१० मध्ये दवेल आणि सहकाऱ्यांनी क्ष-किरण वापरून टँटलमचा द्रवणांक काळजीपूर्वक मोजला तेव्हा तो सिद्धांताच्या जवळ आला, आणि कार्बाइडचा घोळही त्यांनी नोंदवला.

लोखंडाचा गुंता २०१३ मध्ये बराचसा सुटला. फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे प्रखर क्ष-किरण देणाऱ्या महाकाय यंत्रावर, सिमोने अँझेलिनी आणि सहकाऱ्यांनी तापवता तापवता भराभर क्ष-किरणांची चित्रं घेतली. हे चित्र पडद्यावर बघणं हा अनुभव असतो. थंड नमुन्यातल्या स्फटिकांमुळे चित्रात उमटणारी वर्तुळं सलग, बारीक, रेखीव असतात. तापमान वाढलं की त्या वर्तुळांचे तुकडे होतात, ठिपके बनतात, आणि दर चित्रागणिक ठिपके उड्या मारू लागतात. म्हणजे स्फटिक भराभर मोडून नव्यानं, नव्या दिशेनं वाढताहेत, पण आहेत अजून स्फटिकच. आणखी तापवलं की ठिपक्यांच्या मागे एक रुंद, मंद, धुरकट कडं उगवतं. ते कडं म्हणजे द्रव. अँझेलिनींना ते ब्योलर यांच्या रेषेच्या बरंच वर दिसलं. आणि ठिपक्यांच्या उड्या जिथे सुरू झाल्या, ती तापमानं ब्योलर यांच्या रेषेवर बसली. ब्योलर यांनी हालचाल खरीच पाहिली होती. ती वितळण्याची नव्हती, स्फटिक नव्यानं बनण्याची होती. अँझेलिनींची रेषा पुढे वाढवली की ३३० गिगापास्कलला ६,२३० केल्विन येतात, पाचशे इकडे-तिकडे. हादऱ्याचे आणि संगणकाचे आकडे याच्याशी जुळतात. त्यानंतरही काही प्रयोगांत खालचे आकडे आले. २०१८ मध्ये मोरार आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की त्यामागेही हिऱ्यातून आलेला कार्बन होता. लोखंडात कार्बन मिसळला की द्रवणांक उतरतो, हे बिडाच्या भट्टीवर काम करणाऱ्याला काही नवं नाही.

म्हणून तुमच्या तीन आकड्यांपैकी आज मी ६,२०० च्या बाजूनं उभी आहे. मात्र हा शुद्ध लोखंडाचा आकडा. गाभ्यात निकेल आहे आणि हलकी मूलद्रव्यंही आहेत. बाह्यगाभा शुद्ध लोखंडापेक्षा दहाएक टक्के हलका भरतो. सिलिकॉन, ऑक्सिजन, गंधक, कार्बन, हायड्रोजन, यांतलं कोण किती, यावर एकमत नाही. त्यांच्यामुळे द्रवणांक काहीशे अंशांनी खाली येतो, त्यामुळे सीमेवरचं खरं तापमान ५,००० ते ६,००० च्या दरम्यान धरतात. सूर्याचा पृष्ठभाग ५,७७२ केल्विन आहे, त्यामुळे “सूर्याइतकं तापलेलं” हे म्हणणं बरोबर आहे. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोरच्या महाकाय लेसरनं लोखंडाचं वितळणं १,००० गिगापास्कलपर्यंत मोजलं. पृथ्वीच्या केंद्रातल्या दाबाच्या जवळजवळ तिप्पट. पृथ्वीपेक्षा मोठ्या, दूरच्या खडकाळ ग्रहांचे गाभे किती काळ पातळ राहतील हे त्यावरून सांगता येऊ लागलंय.

द्रवणांकाचा कुठलाही आकडा समोर आला की मी आधी एकच बघते: वितळलं असं कशावरून ठरवलं? धुरकट कडं दिसलं असेल, किंवा ध्वनीचा वेग पडला असेल, तर पुढे वाचते. नुसती हालचाल किंवा तापमानाचा सपाट टप्पा असेल तर प्रयोगानंतर नमुन्यात कार्बन शोधला होता का ते बघते. तापमान किती रुंदीच्या ठिपक्यावर मोजलं आणि दाबात तापवण्यानं झालेली वाढ धरली का, हेही. चार-पाच पानांच्या निबंधात या गोष्टी बहुतेक वेळा पुरवणीत दडलेल्या असतात, त्या शोधून वाचायच्या.

आणि भारतात करता येतं का? येतं. मुंबईत तुर्भ्याला, भाभा अणुसंशोधन केंद्रात, उच्च दाबाच्या भौतिकशास्त्राची जुनी परंपरा आहे. आर. चिदंबरम आणि एस. के. सिक्का यांनी ती उभी केली, आणि तिथे वायूची तोफही आहे. इंदूरला इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर हिऱ्याच्या ऐरणीचे प्रयोग होतात. इटलीत ट्रिएस्टच्या एलेट्रा सिंक्रोट्रॉनवर उच्च दाबासाठी भारत-इटली सहकार्यातून उभी राहिलेली एक्सप्रेस नावाची किरणवाहिनी आहे, तिथे भारतीय विद्यार्थी वेळ मागू शकतात. तुम्हाला यायचं असेल तर एम.एस्सी.ला घनरूपाचं भौतिकशास्त्र घ्या, आणि उन्हाळी प्रकल्पात कुठेतरी गॅस्केट भरायला शिका. पहिल्या दहा गॅस्केट वाया जातील. अकराव्या वेळी, सूक्ष्मदर्शकाखाली, सुईच्या टोकानं चार मायक्रॉनचा पत्रा भोकाच्या बरोबर मध्ये बसवाल, आणि तो चिकटून सुईबरोबर परत येणार नाही. तिथून पुढे मी शिकवीन.